सट्टेदार पुण्यात, कारखाना घरात

काम ही घराबाहेर जाऊन करायची गोष्ट आहे, अशी जबलपूरची पिढीजात समजूत आहे आणि ती उगाच झालेली नाही. १९०४ साली इंग्रजांनी इथे गन कॅरेज फॅक्टरी काढली. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना आला, १९६९ मध्ये लष्करी ट्रकांचा. आता तोफ ही वस्तूच अशी आहे, की अर्धवट राहिली म्हणून पिशवीत घालून घरी आणता येत नाही. १५५ मिलिमीटरची धनुष तोफ तुळशीच्या कुंडीशेजारी उभी करून ‘जेवणं झाली की दोन बोल्ट आवळून टाकतो’ असं म्हणायची सोय असती, तर संरक्षण खात्याच्या जागेचा प्रश्न सुटला असता आणि आमच्या घरमालकाशी मात्र वांधा झाला असता.

कारखान्यांच्या जोडीला १९५६ पासून उच्च न्यायालय आणि २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय. सगळा मामला जाऊन यायचा. त्यामुळे सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो तो नोकरदार, आणि दहा वाजून गेल्यावरही ओट्यावर बनियनमध्ये दिसतो तो एक तर निवृत्त, नाही तर निलंबित, असा मोहल्ल्याचा साधा हिशेब होता. मी यांतला पहिला. एका कारखान्यात उभी हयात काढून, सायकलीचे तीन आणि स्कूटरचे दोन टायरसंच झिजवून मी ओट्यावर बसायचा हक्क मिळवला आहे.

मग २०२० साल उजाडलं. मध्य प्रदेशातले कोरोनाचे पहिले चार रुग्ण २० मार्चला सापडले ते जबलपुरातच. इंदूर-भोपाळच्या आधी नंबर लावायचा योग आमच्या शहराला क्वचितच येतो. आमचे चिरंजीव पुण्याहून होळीला आले होते, सुट्टी लांबवून राहिले होते, तेवढ्यात गाड्या बंद झाल्या. सोबत लॅपटॉप होता. ‘आता इथूनच काम करतो’ म्हणाले. ही तात्पुरती व्यवस्था आहे असं त्यांची कंपनी म्हणत होती, सरकार म्हणत होतं आणि आमची हीसुद्धा म्हणत होती. पुढे त्यांचं लग्न झालं. सूनबाई बंगळूरच्या कंपनीत, आणि त्याही घरूनच. तात्पुरतेपणा अजून संपलेला नाही.

पहिली अडचण मोहल्ल्याची. चांगला धडधाकट, इंजिनियर झालेला मुलगा दिवसाढवळ्या घरी दिसतो म्हणजे काहीतरी घडलं आहे. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावरून विचारणा झाली, ‘काय बड्डे, नौकरी-वौकरी ठीक है न?’ आमच्या मराठी मंडळींची रीत जरा नाजूक. दत्त मंदिरात आरतीनंतर हिला बाजूला घेऊन एक काकू हळूच म्हणाल्या, ‘काढलं का गं? सांग हो, आपल्यात काय लपवायचं.’ हिनं सांगितलं की पगार दर महिन्याला येतो. त्यावर काकूंनी जो चेहरा केला, त्यात काळजी कमी आणि संशय जास्त होता. न जाता पगार येतो हे पेन्शनीचं लक्षण आहे, किंवा मग पोलिसांना कळवायचं प्रकरण आहे.

दुसरी अडचण घरातली. लॅपटॉपसमोर बसलेला माणूस काहीतरी बघत असतो, करत नसतो, असं आमच्या हिचं ठाम मत. ‘बसूनच राहिला नं तू? मग बघ नं जरा दुधाकडे.’ आता पुण्यात, बंगळूरात आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा गावात मिळून डझनभर माणसं याची वाट बघत बसलेली आणि हा दुधाकडे बघतोय. दूध उतू गेलं की बोलणी याला; तिकडचं काही उतू गेलं की बोलणी यालाच. फॅक्टरीत मला तीस वर्षांत एकदाही कुणी दुधाकडे बघायला सांगितलं नाही. काही फोरमन मनात आलं तर सांगू शकले असते, पण गॅस नव्हता.

डिसेंबर लागला की गोष्ट आणखी बिघडते. त्याचं कारण मटार. पाटण-शहापुरा भागातून हिरव्यागार शेंगांची पोती शहरात येऊन पडतात. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत सरकारनं जबलपूरच्या नावापुढे मटारच लिहिला आहे. या दिवसांत इथल्या घरात रिकामा हात दिसला की समोर शेंगांचं सूप येतं. पाहुणा असो, जावई असो, शिकवणीचा मास्तर असो. आमच्या चिरंजीवांचे मीटिंगमध्ये दोन्ही हात रिकामे असतात हे हिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिमाहीचा आढावा चाललेला, कॅमेऱ्यात मान गंभीरपणे हलतेय आणि कॅमेऱ्याच्या खाली मांडीवर परात. अंगठ्यानं शेंग फोडायची, दाणे परातीत, साल खालच्या बादलीत. एकदा याला काहीतरी बोलायचं होतं म्हणून माइक सुरू केला, आणि बोलून झाल्यावर बंद करायचा राहिला. पाच मिनिटं नुसता टक, टक, टप, टप असा आवाज. शेवटी पुण्याहून साहेब म्हणाले, ‘बघा, हा बोलतानासुद्धा टायपिंग थांबवत नाही.’ त्या वर्षीची वाढ बरी झाली. हिला अजून वाटतं की ती मटारामुळे झाली, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ पुरावा नाही.

कॅमेरा बंद ठेवून नुसता फोटो दाखवायची या मुलांची एक पद्धत आहे. साहेब बोलत असतात, समोर चौकोनांत फोटो मांडलेले, त्यांत कोण जागं आणि कोण झोपलेलं ते देवालाच ठाऊक. मी चिरंजीवांना सांगितलं, की या गोष्टीत जबलपूरनं तुमच्या कंपन्यांना फार आधी मागे टाकलं आहे. मार्च १९३९ मध्ये इथे त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष सुभाषबाबू तापानं फणफणलेले. अधिवेशन बावन्नावं, म्हणून ५२ हत्तींचा रथ सजवलेला. आणि रथात अध्यक्षांच्या ऐवजी अध्यक्षांचा फोटो. मिरवणूक फोटोची निघाली. अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरदबाबूंनी वाचून दाखवलं. त्याची आठवण म्हणून बांधलेलं कमानिया गेट आजही बडा फुहाऱ्याजवळ उभं आहे. चिरंजीव म्हणाले, ‘बाबा, आमच्या फोटोला कुणी हत्ती देत नाही.’ हे मात्र खरं. सुविधा कमी झाल्या आहेत.

शेजारचे वकीलसाहेब तर कोरोनाच्या काळात रोज सकाळी काळा कोट आणि पांढरे बँड लावून आपल्याच बैठकीत न्यायालयात हजर व्हायचे. मे महिना, जबलपूरचं ऊन, आणि पंख्याचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून पंखा बंद. घामानं निथळत ‘माय लॉर्ड’ करायचे. त्यांचा तीन वर्षांचा नातू ते सगळं ऐकत मोठा झाला. आई रागावली की हात जोडून ‘मच ऑब्लाइज्ड, माय लॉर्ड’ म्हणतो आणि निसटतो. त्याला अजून कोर्टाची पायरी माहीत नाही, पण शिक्षा कशी टाळावी ते समजलं आहे.

फायदे नाहीत असं नाही. पगार पुण्याचा आणि खर्च जबलपूरचा, हा पहिला. पुण्यात दोन खोल्यांना जे भाडं जायचं त्यात इथे अख्खं घर चालून वर खव्याची जिलबी येते. ती काळपट, भारदस्त जिलबी दोन खाल्ल्या की दुपारच्या मीटिंगमध्ये माणूस कुणाशीच वाद घालत नाही. संध्याकाळी मनात आलं तर ग्वारीघाटावर नर्मदेची आरती गाठता येते. पुण्यात असताना हा मुलगा ज्या वेळात एका सिग्नलला उभा असायचा, त्या वेळात इथे नदीवर जाऊन, दिवा सोडून, पोहे खाऊन परत येतो. गरम पोळी मिळते. तव्यावरची थेट ताटात, आणि ताट थेट लॅपटॉपशेजारी. त्याचा परिणाम म्हणून लॅपटॉपची ‘एस’ आणि ‘डी’ ही बटणं तुपानं मऊ झाली आहेत.

तोटा असा की आमच्या वेळी भोंगा होता. भोंगा झाला की हातातला हातोडा जिथे असेल तिथे खाली. गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा आणि साहेब मागून काय ओरडतोय ते ऐकायची कुणावर सक्ती नव्हती. जास्त थांबलात तर ओव्हरटाइम, आणि तो ओव्हरटाइम कागदावर. या मुलांचा भोंगा कधी होतच नाही. रात्री साडेदहाला आम्ही मुखशुद्धी करत असतो, तेव्हा अमेरिकेत कुणीतरी सकाळचा पहिला चहा पिऊन ताजातवाना झालेला असतो आणि याच्या फोनवर ‘टुंग’ होतं. हा जेवणावरून उठतो. ओव्हरटाइम मिळतो का विचारलं तर हसतो. ओव्हरटाइम या विषयावर हसणारा कामगार आमच्या युनियननं पाहिला असता तर सदस्यत्व रद्द केलं असतं.

हे असं काम नेमकं काय असतं, ते आम्हा दोघांना कधी नीट कळलं नव्हतं. मुलानं फळ्यावर आकृती काढून सांगितलं. सूनबाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची उदाहरणं देऊन सांगितलं. कळलं ते आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना, आणि तेसुद्धा न सांगता. एक दिवस लादी पुसता पुसता त्या थांबल्या, मुलाचं फोनवरचं बोलणं थोडं ऐकलं, आणि म्हणाल्या, ‘अच्छा, तो भैया को सट्टेदार पूना में बैठत है।’

बाईंची उमर विड्या वळण्यात गेलेली. जबलपूर तोफांचं शहर खरं, पण त्याहून जास्त घरांत इथे विडी चालली. भोवतालच्या जंगलात तेंदूची पानं, रेल्वे हाताशी, गुजरातेतून आलेले व्यापारी. १९०२ पासूनची मोहनलाल हरगोविंददास ही शेर छाप विडीवाली पेढी इथलीच. या धंद्याचं काम पेढीवर होत नाही, वस्तीतल्या घराघरांत होतं. सट्टेदार पानं आणि तंबाखू मोजून देतो. बाया रात्री पानं भिजत घालून ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवतात. सकाळी पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायची, चिमूटभर तंबाखू, वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मांडीवर सूप, सुपाशेजारी पोर, पलीकडे चुलीवर डाळ. मजुरी हजारावर. संध्याकाळी सुपातला माल सट्टेदाराकडे जातो. तो एकेक उचलून बघतो, काही बाजूला फेकतो. ती छाट. छाटीचे पैसे नाहीत, आणि छाट परतही मिळत नाही.

बाईंनी पदर खोचला आणि चिरंजीवांची उलटतपासणी घेतली. माल वरून येतो का? येतो. घरी बसून बनवायचा? हो. किती बनवला ते कुणी मोजतं? मोजतं. छाट निघते? चिरंजीव जरा गप्प झाले. त्यांच्याकडे एकानं लिहिलेलं दुसरा तपासतो आणि नापसंत ते परत करतो, असा काही प्रकार रोज होतो आणि त्यानंतर ते तासभर कुणाशी बोलत नाहीत, हे आम्ही पाहिलेलं होतं. ‘निघते,’ ते म्हणाले. ‘बहोत?’ ‘कधी कधी.’ ‘तो पत्ती गीली नहीं रही होगी,’ असा निर्णय देऊन बाई पुन्हा लादीकडे वळल्या. छाट का निघते ते शोधायला कंपनीनं एक सल्लागार नेमला होता असं नंतर समजलं. त्यानं याहून वेगळं काही सांगितलं नाही, फक्त त्याला दोन दिवस लागले.

आणि गंमत बघा. अमेरिकेत जॅक निल्स नावाच्या गृहस्थांनी घरून काम करण्याच्या या प्रकाराला १९७३ मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ असं झोकदार नाव दिलं. आपल्याकडे विडी कामगारांचा कायदा झाला १९६६ ला, आणि कच्चा माल घरी नेऊन विडी वळणारा माणूसही कामगारच, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे भांडी घासणाऱ्या बाई कागदोपत्री निल्ससाहेबांना सात वर्षं सीनियर. पण त्यांच्याबद्दल मोहल्ल्यात कुणी ‘नौकरी ठीक है न’ असं विचारल्याचं मला आठवत नाही. बाई घरी बसून दिवसाला किती वळते ते सट्टेदार मोजायचा. बाकीच्यांच्या लेखी ती घरीच असायची.

घरून काम करण्यात जबलपूरचा खरा महापुरुष मात्र हरिशंकर परसाई. हिंदीतले एवढे मोठे व्यंगकार, त्यांनी १९५७ मध्ये मास्तरकी सोडली आणि पुढचं आयुष्य लिहिण्यावर काढलं, ते याच शहरात, नेपियर टाऊनच्या घरात. लग्न केलं नाही, तरी बहीण आणि भाचरं यांचा संसार सोबत. अखेरची वर्षं तर पायामुळे पलंगावरूनच लिहिणं चाललं होतं. हिला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, ‘बहीण होती म्हणून दूध उतू गेलं नाही. लिहिलं कुणी ते सांगतात लोक, दूध कुणी बघितलं ते कुठे लिहून ठेवतात?’ मी पेपर उघडला.

हा विषय आमच्या घरात सूनबाईंमुळे जरा नाजूक आहे. चिरंजीवांना काम करायला आतली खोली आहे, तिला दार आहे आणि दाराला कडी आहे. सूनबाई जेवणाच्या टेबलाशी बसतात, कारण ‘हाताशी असलेली बरी’. चिरंजीवांची मीटिंग असली की घरात कुकरसुद्धा शिट्टी दबक्या आवाजात देतो. सूनबाईंची मीटिंग असली की हिचं ‘किती शिट्ट्या झाल्या गं?’ सुरू. त्यांनी बंगळूरच्या साहेबांना इंग्रजीत आकडे सांगता सांगता डाव्या हाताची तीन बोटं वर केलेली मी पाहिली आहेत. साहेबांना वाटलं, तीन टक्के. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली म्हणे. चिरंजीव सूनबाईंपेक्षा दहा हजार पगार कमी घेतात, पण ते खोलीत असतात.

मध्यंतरी चिरंजीवांनी चहा पिता पिता एक संशोधन वाचून दाखवलं. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीट्रिप नावाच्या चिनी प्रवासी कंपनीत नऊ महिने प्रयोग केला. २०१५ मध्ये तो छापून आला. फोनवर बुकिंग घेणाऱ्यांपैकी काहींना घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण बढती देताना, काम तेवढंच असूनही, घरून करणाऱ्यांची आठवण कमी झाली, दृष्टीआड सृष्टी. आणि शेवटी ज्याला जिथून हवं तिथून करा म्हटलं, तेव्हा घरी बसलेल्यांतले जवळजवळ निम्मे ऑफिसात परतले. एकटं वाटायचं म्हणे.

‘एकटं?’ ही थबकली. ‘घरी? त्यांना आया नव्हत्या?’

सूनबाई काही बोलल्या नाहीत. पण ज्या गतीनं त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, त्यावरून हे संशोधन त्यांना पटलेलं दिसलं.

आता पुण्याहून पत्र आलं आहे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात दिसलंच पाहिजे. पुण्यात तीन दिवस आणि जबलपुरात चार, असं वेळापत्रक रेल्वेला मान्य होण्यासारखं नाही, त्यामुळे चिरंजीव जाणार असं ठरत आलं आहे. सूनबाईंच्या कंपनीनं अजून तोंड उघडलेलं नाही, तेव्हा त्या काही महिने इथेच. बातमी मोहल्ल्यात गेली आणि ज्यांनी ‘काढलं का’ म्हणून विचारलं होतं, त्यांचे चेहरे पडले. कारण गेल्या काही वर्षांत या मुलाचं खरं पद कंपनीला माहीतच नव्हतं. गल्लीतल्या सगळ्यांची पार्सलं हा घेतो. गॅसचं सिलिंडर आलं की सही याची. कुणाचा आधार, कुणाची पेन्शन, कुणाच्या जिवंत असल्याच्या दाखल्याचं ऑनलाइन काम, सगळं मीटिंगच्या अधेमधे. वकीलसाहेबांची किल्लीसुद्धा आमच्याच खुंटीवर असते.

काल संध्याकाळी त्या आरतीवाल्या काकू स्वतः घरी आल्या. चिरंजीव जाणार याचं फार वाईट वाटलं म्हणाल्या, एवढी चांगली नोकरी, आई-बाप जवळ, डोळ्यांसमोर मुलगा, काय मेल्या कंपन्या. डोळे पुसले. मग उठता उठता टेबलाकडे वळल्या. तिथे सूनबाई कानात यंत्र घालून बंगळूरशी बोलत होत्या. काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हिला विचारलं, ‘पण ही तर घरीच असते ना? मंगळवारी माझं मिक्सर यायचंय.’